शिवारातील छायाचित्रे संकेतस्थळावर आपोआप पोचविण्याची रीत

पिकावरील किडीची वेळीच ओळख पटणे हे पीक-संरक्षणाचे पहिले सूत्र होय. ही ओळख शब्दांनी जितकी पटते, त्याहून अधिक ती चित्राने पटते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचेच उदाहरण घेऊ. ही कीड भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही दिसून आली. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी फिकट खूण आणि शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, ही तिची लक्षणे. हे वर्णन दहा वेळा वाचूनही ज्याच्या मनात शंका राहते, त्यास एक स्वच्छ छायाचित्र दाखविले म्हणजे तो दुसऱ्या दिवशी आपल्या शेतात अळी बिनचूक ओळखतो.

म्हणूनच आज गावोगावचे कार्यकर्ते शिवारफेरीत मोबाईलने छायाचित्रे काढतात व ती कार्यालयाच्या क्लाउड साठवणीत जमा करतात. तेथून ती संकेतस्थळावर चढविली गेली म्हणजे इतर गावांतील शेतकऱ्यांस पाहावयास मिळतात. परंतु या दोन ठिकाणांमधील वाट पुष्कळदा हाताने चालावी लागते आणि तेथेच वेळ वाया जातो.

माझ्या पूर्वीच्या नेमणुकीच्या ठिकाणी असे घडले की, मक्याच्या पोंग्यातील कोवळ्या अळीची उत्तम छायाचित्रे पहिल्या आठवड्यातच साठवणीत येऊन पडली होती. ती एकेक उतरवून, नावे बदलून, संकेतस्थळावर चढविण्याचे काम माझ्याकडे होते. इतर कामांच्या गर्दीत त्यास १९ दिवस लागले. पुढे एका बैठकीत एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, "साहेब, चित्र अगदी स्पष्ट आहे हो, पण तुम्ही दाखवलं तोवर माझी अळी मोठी होऊन मातीतसुद्धा गेली." त्यांचे म्हणणे शास्त्रास धरूनच होते. उष्ण दिवसांत या किडीची अळी-अवस्था सुमारे दोन ते तीन आठवड्यांची असते. त्यानंतर ती जमिनीत कोषावस्थेत जाते. अळी लहान असतानाच उपाय लागू पडतो. म्हणजे माझ्या १९ दिवसांत उपायाची सारी वेळ निघून गेली होती.

हा विलंब कसा टाळावा आणि तो टाळताना दुसरी मोठी चूक कशी होऊ देऊ नये, हे या पाठात पाहावयाचे आहे.

दोन कोठारे आणि त्यांमधील वाट

प्रथम दोन्ही ठिकाणांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. क्लाउड साठवण म्हणजे दूरच्या संगणकावर आपल्यासाठी राखून ठेवलेली जागा. गूगल ड्राइव्ह हे तिचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. तेथे व्यक्तिगत खात्यास १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. तीत ईमेल व गूगल फोटोज यांचाही वाटा असतो. मोबाईलचे एक छायाचित्र सरासरी ४ एमबीचे धरले, तर सारी जागा छायाचित्रांना दिली तरी सुमारे ३,७५० छायाचित्रांतच ती भरते. हे आपले धान्याचे पेव आहे असे समजावे: यात माल सुरक्षित राहतो, पण बाहेरच्यास तो दिसत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे संकेतस्थळावरील मजकूर व चित्रे मांडण्याची व्यवस्था. हिला मजकूर-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. २००३ साली निघालेली वर्डप्रेस ही त्यांपैकी फार प्रचलित प्रणाली आहे. हिला बाजारातील दुकानाची मांडणी म्हणता येईल. येथे ठेवलेला माल सर्वांस दिसतो.

पेवातून दुकानात माल नेण्यासाठी गाडीवान पाहिजे. आजवर हे काम आपण स्वतः करीत आलो. आता ते एका लहानशा आज्ञावलीवर सोपविता येते. गूगलच्या ॲप्स स्क्रिप्ट या सोयीत अशी आज्ञावली लिहून ठेवता येते व ती ठरावीक वेळाने आपोआप चालू होईल अशी योजना करता येते. या योजनेस ट्रिगर असे नाव आहे. दुसऱ्या बाजूस वर्डप्रेसमध्ये बाहेरील आज्ञावलीकडून माल स्वीकारण्याचे एक दार आहे. त्यास रेस्ट एपीआय म्हणतात. लेख व चित्रे घेण्यासाठी हे दार वर्डप्रेसच्या ४.७ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून, मूळ प्रणालीतच दिलेले आहे. त्यामुळे वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

एका चुकीची हकिकत

वर सांगितलेल्या विलंबानंतर मी घाईने अशी आज्ञावली तयार केली. कार्यकर्त्यांनी साठवणीत टाकलेले प्रत्येक चित्र ती दर तासास उचलून संकेतस्थळावर नेत असे व त्याचा एक लेख मसुदा म्हणून तयार करून ठेवीत असे. मसुदा मी वाचीन, योग्य वाटल्यास प्रसिद्ध करीन, तोवर तो कोणास दिसणार नाही, असा माझा समज होता.

चौथ्या दिवशी एका तरुणाचा दूरध्वनी आला. "साहेब, आईच्या बँकेच्या पासबुकाचं पान तुमच्या संकेतस्थळावर उघडतंय." त्याच्या आईने पीक-नुकसानीच्या छायाचित्रांसोबत पासबुकाचेही छायाचित्र कार्यकर्त्याकडे दिले होते. ते त्याच फोल्डरात पडले व आज्ञावलीने इतर चित्रांसारखेच उचलून नेले. लेख मसुद्यातच होता. तथापि चित्र उघडे होते. कारण वर्डप्रेसमध्ये लेख आणि चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लेख मसुद्यात राहिला तरी चित्र चढविल्याबरोबर त्यास स्वतःचा पत्ता मिळतो आणि सर्वसाधारण मांडणीत तो पत्ता ज्याच्या हाती लागेल त्यास ते चित्र दिसते.

मी ते चित्र तत्काळ काढून टाकले व त्या मावशींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम्ही फोटो मागितले म्हणून मी दिले, साहेब. त्यातलं कोणतं लोकांना दाखवायचं, ते तुम्हीच बघायचं ना?"

या प्रश्नातच या पाठाचे सार आहे. वाहतूक यंत्रावर सोपवावी, निवड सोपवू नये. आणि ही निवड वाहतुकीच्या आधी झाली पाहिजे, नंतर नव्हे. मळणी, उफणणी झाल्यावरच धान्य पोत्यात भरतात. पोती बाजारात पोचल्यावर कोणी उफणणी करीत नाही.

फोल्डरांची रचना

यासाठी साठवणीत चार फोल्डर करावेत.

(१) 'आलेली' : यात कार्यकर्त्यांनी पाठविलेली सर्व मूळ छायाचित्रे राहतील. आज्ञावलीस या फोल्डराचा पत्ताच देऊ नये.

(२) 'तपासलेली' : नेमलेल्या तपासनिसाने पाहून योग्य ठरविलेल्या छायाचित्राची प्रत येथे ठेवावी. आज्ञावली केवळ येथूनच माल उचलील.

(३) 'पाठविलेली' : संकेतस्थळावर यशस्वीपणे पोचलेली प्रत आज्ञावली येथे हलवील.

(४) 'अडलेली' : काही दोषामुळे जे चित्र पोचू शकले नाही, ते येथे येईल.

हे चार फोल्डर एकमेकांच्या पोटात ठेवू नयेत. ड्राइव्हमध्ये बाहेरील फोल्डर ज्यास वापरावयास दिला, त्यास आतील फोल्डरही सामान्यतः खुला होतो. 'आलेली' हा फोल्डर सर्व कार्यकर्त्यांस खुला असावा. 'तपासलेली' हा मात्र फक्त तपासनिसास व ज्या खात्यावर आज्ञावली चालते त्या खात्यास खुला असावा. ज्या दारातून माल बाजारात जातो, त्याची किल्ली दहा जणांकडे असू नये.

मूळ छायाचित्र 'आलेली' मधून काढून टाकू नये. संकेतस्थळावरील प्रत बिघडली किंवा पुढे नुकसानीविषयी वाद निघाला, तर मूळ चित्रच उपयोगी पडते. जागा भरत आल्यास हंगामाच्या शेवटी जुनी चित्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून मगच जागा मोकळी करावी. ड्राइव्हमध्ये चुकून काढून टाकलेली फाईल कचरापेटीत ३० दिवस राहते, त्यानंतर ती नाहीशी होते, हेही ध्यानात असावे.

नाव कसे द्यावे

ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली राहू शकतात. एका गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असतात. पण त्यांच्या जमिनीचे गट क्रमांक वेगळे असतात, तसेच हे आहे. ड्राइव्ह प्रत्येक फाईल तिच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाने ओळखते. म्हणून आज्ञावलीनेही नावावर विसंबू नये, ओळखक्रमांकावर विसंबावे.

तरीही नाव नीट असणे माणसाच्या सोयीसाठी अगत्याचे आहे. पीक, कीड किंवा रोग, तारीख आणि क्रमांक, या क्रमाने नाव द्यावे. उदाहरणार्थ, मका-लष्करीअळी-२०२५०७१२-०३. तारखेत वर्ष प्रथम, मग महिना, मग दिवस लिहिला म्हणजे फायली आपोआप कालक्रमाने लागतात. फाईलचे हे नाव रोमन अक्षरांत व अंकांत लिहावे. कारण देवनागरी नावाचा संकेतस्थळावरील पत्ता लांबलचक व न वाचता येण्याजोगा होतो. मराठी शीर्षक व वर्णन यांसाठी वेगळी जागा आहे, ती पुढे सांगितली आहे.

तारीख ही छायाचित्र काढल्याची असावी, साठवणीत टाकल्याची नव्हे. गतवर्षीचे चित्र आज साठवणीत टाकले, तर ड्राइव्ह ते आजच आल्याचे दाखविते. अशा चित्रावरून "या आठवड्यात कीड आढळली" असे प्रसिद्ध झाले, तर शेतकरी नसत्या फवारणीचा खर्च करून बसतो. मोबाईलने काढलेल्या मूळ चित्राच्या पोटात काढल्याची तारीख व वेळ नोंदलेली असते. तपासनिसाने ती पाहून नावातील तारखेशी ताडावी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या चित्राचा दर्जा घटतो व ही नोंदही गळून जाते. म्हणून कार्यकर्त्यांनी छायाचित्रे थेट ड्राइव्हमध्येच टाकावीत.

तपासनिसाने काय पाहावे

प्रत्येक चित्र 'तपासलेली' मध्ये जाण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत.

(१) कीड किंवा रोगाची ओळख बरोबर आहे काय? शंका असल्यास विषयतज्ज्ञास दाखवावे.

(२) छायाचित्र केव्हाचे आहे?

(३) त्यात सातबारा, पासबुक, आधार कार्ड, वाहनाचा क्रमांक किंवा दूरध्वनी क्रमांक दिसतो काय? दिसत असल्यास ते चित्र पुढे जाणार नाही.

(४) त्यात कोणाचा चेहरा आहे काय? असल्यास त्या व्यक्तीने प्रसिद्धीस संमती दिली आहे काय? भारतीय संसदेने २०२३ मध्ये व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या रक्षणासाठी कायदा संमत केला. कायदा नसता तरी हा साध्या शिष्टाचाराचा भाग होता.

(५) चित्रात शेताचे अक्षांश-रेखांश नोंदलेले आहेत काय? मोबाईलमधील स्थाननोंद चालू असेल, तर ते चित्राच्या पोटात राहतात. सर्वेक्षणासाठी ही नोंद उपयुक्त आहे. म्हणून मूळ चित्रात ती राहू द्यावी. परंतु प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीतून ती काढून टाकावी. विंडोज संगणकावर फाईलच्या गुणधर्मांत अशी व्यक्तिगत माहिती काढून टाकण्याची सोय असते.

सराव झाल्यावर एका चित्रास एक मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. हे एक मिनिट वाचविण्याचा मोह कोणीही धरू नये.

आज्ञावलीचे काम कसे चालते

आज्ञावली लिहिण्याचे काम जाणकाराकडून करून घेता येईल. परंतु ती काय करते हे कार्यालयातील निदान दोघांस तरी ठाऊक असले पाहिजे. नाहीतर जाणकाराची बदली होताच काम बंद पडते. तिच्या पायऱ्या अशा :

पहिली पायरी. ठरलेल्या वेळी ट्रिगर आज्ञावलीस जागे करतो. जागी होताच ती कुलूप लावते, म्हणजे पहिली फेरी संपण्यापूर्वी दुसरी फेरी सुरू होत नाही. एकाच पाटाचे पाणी दोघांनी एकाच वेळी आपल्या शेतात वळविले, तर जो घोटाळा होतो तोच येथे टाळावयाचा असतो. ॲप्स स्क्रिप्टमध्ये अशा कुलपाची सोय आहे.

दुसरी पायरी. ती 'तपासलेली' फोल्डरातील फायलींची यादी करते. जी फाईल चित्र नाही, ती 'अडलेली' मध्ये जाते.

तिसरी पायरी. प्रत्येक फाईलचा ओळखक्रमांक ती नोंदवहीत शोधते. ही नोंदवही म्हणजे गूगल शीट्समधील एक साधा तक्ता. त्यात ओळखक्रमांक, नाव, मराठी शीर्षक, वर्णन, पाठविल्याची वेळ आणि संकेतस्थळाकडून मिळालेला क्रमांक असे रकाने असावेत. शीर्षक व वर्णन तपासनीस लिहील, उरलेले रकाने आज्ञावली भरील.

चौथी पायरी. चित्र अद्याप पाठविलेले नसेल, तर ती नोंदवहीत 'आरंभ' असे लिहिते आणि चित्र वर्डप्रेसच्या दाराशी पोचविते. सोबत मराठी शीर्षक व पर्यायी वर्णन देते. हे पर्यायी वर्णन अंध व्यक्तींस त्यांचा संगणक किंवा मोबाईल वाचून दाखवितो. म्हणून तेथे 'चित्र १' असे न लिहिता 'मक्याच्या पोंग्यातील कोवळी अळी व पानांवरील पांढुरके पट्टे' असे लिहावे.

पाचवी पायरी. चित्र स्वीकारले गेले म्हणजे संकेतस्थळ २०१ या अंकाने पोच देते व चित्राचा नवा क्रमांक कळविते. तो नोंदवहीत लिहून झाल्यावरच आज्ञावली प्रत 'पाठविलेली' मध्ये हलविते. हा क्रम उलटा करू नये. आधी हलविले आणि मग वीज किंवा जोडणी गेली, तर न पोचलेले चित्र पोचल्यासारखे दिसते.

नोंदवहीत 'आरंभ' आहे पण संकेतस्थळाचा क्रमांक नाही, असे एखादे चित्र आढळल्यास आज्ञावलीने ते पुन्हा पाठवू नये. ते 'अडलेली' मध्ये ठेवावे व माणसाने संकेतस्थळ पाहून निर्णय घ्यावा.

एकच छायाचित्र दोनदा 'तपासलेली' मध्ये आले, तर दोन्ही प्रतींचे ओळखक्रमांक वेगळे असतात. अशा वेळी दुसरी खूण कामी येते. प्रत्येक फाईलच्या आशयावरून गणिताने काढलेला एक लांब अंक ड्राइव्हकडून मिळू शकतो. त्यास आपण फाईलचा अंगठ्याचा ठसा म्हणू. नाव बदलले तरी ठसा बदलत नाही. नोंदवहीत त्याचाही रकाना ठेवला म्हणजे तीच प्रत पुन्हा जात नाही. मात्र चित्र थोडेसे कापले किंवा लहान केले तरी ठसा बदलतो, हे विसरू नये.

वेळेचा हिशेब

ॲप्स स्क्रिप्टमधील एका फेरीस ६ मिनिटांची मर्यादा आहे. व्यक्तिगत खात्यावर ट्रिगरने चालणाऱ्या सर्व फेऱ्यांची दिवसभराची मर्यादा ९० मिनिटांची आहे. म्हणून एकाच फेरीत शेकडो चित्रे नेण्याचा हट्ट धरू नये. एका चित्रास १० सेकंद लागतात असे धरले, तर २० चित्रांस २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद लागतील. दर तासास एक अशा दिवसाच्या २४ फेऱ्यांस ८० मिनिटे होतात. याप्रमाणे दिवसास ४८० चित्रे मर्यादेच्या आत पोचू शकतात. एका तालुक्याच्या गरजेस हे पुरेसे व्हावे. आपल्याकडील जोडणीचा वेग मोजून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा.

मोठ्या चित्रांनी वेळ व जागा दोन्ही वाया जातात. वर्डप्रेस ५.३ या २०१९ मधील आवृत्तीपासून २,५६० बिंदूंहून मोठ्या चित्राची लहान प्रत करून तीच वापरते. परंतु मूळ मोठे चित्रही जागा अडवून बसते. यासाठी तपासनिसाने प्रत करतानाच रुंदी १,६०० बिंदूंच्या आसपास आणावी. किडीची लक्षणे ओळखण्यास एवढी रुंदी सहसा पुरते.

किल्लीची काळजी

संकेतस्थळाच्या दारातून आत जाण्यास आज्ञावलीस किल्ली लागते. डिसेंबर २०२० मधील वर्डप्रेस ५.६ या आवृत्तीपासून यासाठी वेगळा ॲप्लिकेशन पासवर्ड काढता येतो. याने नेहमीच्या प्रवेशपानातून आत शिरता येत नाही. तो केवळ आज्ञावलीच्या उपयोगाचा असतो. तो हरवला किंवा फुटला, तर तेवढाच रद्द करता येतो, इतरांचे काम अडत नाही.

या कामासाठी संकेतस्थळावर स्वतंत्र वापरकर्ता करावा व त्यास 'लेखक' एवढाच अधिकार द्यावा. प्रशासकाचा अधिकार कदापि देऊ नये. गाडीवानाला कोठाराच्या एका दाराची किल्ली देतात, साऱ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा देत नाहीत. तसेच पासवर्ड आज्ञावलीच्या मजकुरात न लिहिता स्क्रिप्टच्या गुणधर्मांच्या जागी ठेवावा, म्हणजे आज्ञावली दुसऱ्यास नमुन्यादाखल देताना किल्ली सोबत जात नाही. ती जागादेखील त्या स्क्रिप्टमध्ये फेरफार करण्याचा अधिकार असलेल्यास दिसते. म्हणून तो अधिकार मोजक्यांसच द्यावा.

काम अडल्यास काय करावे

संकेतस्थळ प्रत्येक वेळी एका अंकाने उत्तर देते. त्यांतील थोडे अंक ओळखता आले पाहिजेत. २०१ म्हणजे चित्र पोचले. ४०१ म्हणजे किल्ली चुकीची आहे किंवा रद्द झाली आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता आज्ञावलीने फेरी थांबवावी व जबाबदार व्यक्तीस ईमेल करावा. ४१३ म्हणजे चित्र मर्यादेहून मोठे आहे. ते 'अडलेली' मध्ये जावे. पाचशेच्या घरातील अंक म्हणजे संकेतस्थळाच्याच संगणकात बिघाड आहे. त्या वेळी चित्र खरोखर पोचले की नाही याची खात्री नसते. म्हणून संकेतस्थळ पाहून मगच ते पुन्हा पाठवावे.

सर्वांत धोक्याचा बिघाड म्हणजे ज्याचा आवाज होत नाही तो. ट्रिगर बंद पडला, तर कोणतीही चूक दिसत नाही. केवळ नवी चित्रे येणे थांबते. म्हणून रोज सायंकाळी आज्ञावलीने 'आज इतकी पोचली, इतकी अडली' असा ईमेल पाठवावा, चित्र एकही नसले तरी शून्य लिहून पाठवावा. ज्या दिवशी ईमेल आला नाही, त्या दिवशी काम बंद आहे असे समजून तपास करावा.

आरंभ लहान प्रमाणात करावा

नवे वाण सर्व शेतात एकदम न लावता आपण प्रथम एका वाफ्यात त्याचे प्रात्यक्षिक घेतो. येथेही तसेच करावे. पहिल्या दिवशी पिकाची साधी पाच छायाचित्रे घ्यावीत, आज्ञावली हाताने चालवावी आणि पाचही चित्रे, शीर्षके व नोंदवही ताडून पाहावी. मग तीच पाच पुन्हा ठेवून ती दुबार जात नाहीत ना, हे पाहावे. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन फेरी थांबते व ईमेल येतो की नाही, याची परीक्षा घ्यावी. शेवटी 'आलेली' मध्ये एखादे निरर्थक चित्र टाकून दोन दिवस वाट पाहावी. ते संकेतस्थळावर गेले नाही, तरच ट्रिगर कायम चालू ठेवावा.

शेतकरी बंधुभगिनींस विनंती

छायाचित्र काढताना रोगट पानाजवळ निरोगी पानही दिसेल असे पाहावे. एक चित्र जवळून, एक संपूर्ण झाडाचे व एक शेताच्या पट्ट्याचे असावे. कागदपत्रांची छायाचित्रे पिकाच्या छायाचित्रांत मिसळू नयेत. ती ज्या कामासाठी मागितली असतील त्याच कामासाठी, वेगळी द्यावीत. आपले चित्र प्रसिद्ध होऊ नये असे वाटल्यास तसे निःसंकोचपणे सांगावे. त्यामुळे मिळणारा सल्ला थांबणार नाही.

सारांश

छायाचित्र वेळेवर पोचले, तर एका शिवारातील अनुभव शेजारच्या शिवारास वाचवितो. हा वेळ वाचविण्यासाठी वाहतूक आज्ञावलीवर सोपविणे इष्ट आहे. मात्र तिला खरेखोटे, जुनेनवे, खासगी व सार्वजनिक यांतील भेद कळत नाही. तो भेद करणारा माणूस तिच्या आधी बसविला पाहिजे. माझ्या कार्यालयात ही रचना झाल्यापासून तपासलेले चित्र बहुधा तासाभरात संकेतस्थळावर दिसते, आणि तपासनिसाच्या मेजासमोर त्या मावशींचा प्रश्न मी मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे : "यातले कोणते लोकांना दाखवायचे?"

अभ्यासासाठी प्रश्न

(१) लेख मसुद्यात असूनही चित्र उघडे का राहते?
(२) प्रत 'पाठविलेली' मध्ये हलविण्यापूर्वी नोंद का करावी?
(३) आपल्या गावातील गेल्या आठवड्याची दहा छायाचित्रे घेऊन वरील पाच प्रश्न लावून पाहा. त्यांतील किती 'तपासलेली' मध्ये जातील?